डंकर्कचं सैन्य छोट्या होड्यांनी घरी नेलं का?

डंकर्क हे फ्रान्सचं बंदर; दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि त्यांच्या मित्रराष्ट्रांचं सैन्य तिथे जर्मनांच्या वेढ्यात अडकलं होतं. ‘१९४० साली कोळी आणि हौशी बोटवाल्यांनी आपल्या छोट्या मोटारबोटींतून अख्खं सैन्य डंकर्कहून इंग्लंडला आणलं’, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. त्यात खरं पुष्कळ आहे, म्हणूनच तो पटतो. पण हिशेब वेगळा आहे.

२६ मे ते ४ जून या काळात ३,३८,२२६ सैनिक सुटले. त्यांतले सुमारे २,३९,००० बंदरातून, मुख्यतः लांबलचक धक्क्यावरून थेट मोठ्या जहाजांवर चढले. किनाऱ्यावरून उचलले गेले सुमारे ९९,०००. तिथेच छोट्या बोटींची खरी गरज होती. किनारा इतका उथळ, की विनाशिका (नौदलाच्या वेगवान युद्धनौका) जवळ येईनात. माणसं छातीभर पाण्यात रांगेनं उभी. बोट त्यांना ओढून घ्यायची, खोल पाण्यातल्या जहाजापाशी सोडायची, पुन्हा मागे फिरायची. बहुतेक बोटींवर नौदलाचेच खलाशी होते, काहींवर मात्र खरोखर मालक स्वतः गेले.

पडताळायचं असेल तर या सुटकेचा दिवसवार तक्ता बघा. त्यात ‘बंदर’ आणि ‘किनारा’ असे वेगळे रकाने असतात. त्या रोजच्या आकड्यांची बेरीज स्वतः करा. मला तर बॉम्बवर्षावात केलेल्या त्या फेऱ्या दंतकथेपेक्षा मोठ्या वाटतात.