धरण गळतंय? मग आधी पाण्याचा रंग बघा

नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पाळीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांना तिथली झाडी फार प्रिय. सावली असते, पाखरं असतात. धरण तपासणारा अभियंता मात्र मातीच्या बांधावर मोठं झाड दिसलं की कपाळाला हात लावतो. मूळ पाण्याच्या शोधात बांधात खोल शिरतं. झाड जिवंत आहे तोवर एकवेळ चालून जातं, पण ते मेलं की मूळ कुजतं आणि मातीत एक पोकळ नळी राहते. म्हणून नुसतं बुंध्यावर कुऱ्हाड चालवून भागत नाही. मुळासकट काढून तो खड्डा थराथरानं माती भरून, पाणी मारून, धुम्मसानं चोपावा लागतो.

अंबाझरी 1870 च्या सुमाराची. एके काळी नागपूर हेच पाणी प्यायचं. आज शहराची तहान मुख्यतः पेंच आणि कन्हानवर भागते, पण दीडशे वर्षांची ही पाळ अजून पाणी अडवून उभीच आहे.

अशा म्हाताऱ्या बांधाची प्रकृती कशी पाहायची? पायथ्याशी ओल दिसली की लोक घाबरतात. पण मातीचं प्रत्येक धरण थोडंफार पाझरतंच. पाझर नितळ असेल तर फारसं बिघडलेलं नाही. गढूळ आला तर मात्र झोप उडायला हवी, कारण पाण्याबरोबर बांधाचे कण बाहेर पडताहेत. पायथ्याकडून सुरू झालेलं हे भोक मागे मागे सरकत जलाशयाला भिडलं, तर धरण काही तासांत फुटू शकतं.

पाझर मोजायची युक्ती मला फार आवडते. चरात एक पत्रा उभा करायचा आणि त्याला काटकोनी खाच पाडायची. खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची 5 सेंटीमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला साधारण पाऊण लिटर भरतो. उंची 10 सेंटीमीटर झाली की तोच सव्वाचार लिटरच्या पुढे जातो. म्हणजे उंची दुप्पट, पाणी साडेपाच पटीहून जास्त. त्यामुळे पट्टीवर उंची किंचित वाढलेली दिसली तरी पाझर बराच वाढलाय हे कळतं. तलावाची पातळी तीच असताना पाझर वाढला, तर आत काहीतरी बदललंय. बांधात उभ्या पुरलेल्या नळ्यांमधली पाण्याची पातळी, म्हणजे पिझोमीटरची नोंद, मग तो बदल कुठे झालाय ते सांगते.

दुरुस्तीत पहिली चूक होते ती पायथ्याचा पाझर सिमेंटनं बुजवण्याची. बाहेरची वाट बंद झाली की आत दाब साचतो आणि पाणी दुसरीकडून, बहुधा वाईट जागेतून, फुटतं. खरा उपाय आपल्या घरातल्या वाळूच्या गाळणीसारखा. पाझराच्या जागी आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर दगड. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. पाणी अडवायचंच असेल तर ते वरच्या अंगाला, म्हणजे तलावाच्या बाजूला, किंवा बांधाच्या मधल्या गाभ्यात, सिमेंट आणि बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचं पातळ मिश्रण बोअरमधून दाबून.

आपल्याकडची काळी माती गाभ्याला उत्तम, पाणी सहसा जाऊ देत नाही. पण मे महिन्यात वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून तिच्यावर मुरमाचं कवच लागतं. दुरुस्तीसाठी तलाव घाईनं रिकामा करणंही महागात पडतं. पाणी उतरतं, मातीतली ओल आतच राहते आणि समोरचा आधार गेल्यानं तलावाकडचा उतार घसरतो.

हे सगळं नीट केलं तरी मातीच्या धरणाला खरी भीती माथ्यावरून पाणी जाण्याची. दगडी धरण ते थोडा वेळ सोसेल, माती धुऊनच जाते. बचावाची वाट एकच, सांडवा, म्हणजे आपण नागपूरकर ज्याला ‘ओव्हरफ्लो’ म्हणतो तो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरीची पाळ टिकली, पण ओव्हरफ्लोचं पाणी नाग नदीच्या पात्रात मावलं नाही आणि खालच्या वस्त्यांत घराघरांत शिरलं. सांडव्यावरून वाहणाऱ्या पाण्याची जाडी दुप्पट झाली की प्रवाह जवळपास 2.8 पट होतो. अशा वेळी सांडव्यासमोर काय बांधलंय याला फार महत्त्व येतं, आणि नागपुरात तो प्रश्न थेट उच्च न्यायालयात गेला.