किटकॅट फ्यूजमधली तार: किती जाड, का, आणि कशी बांधायची

जुन्या मीटर बोर्डावर, शेतातल्या पंपाच्या पेटीत आणि गावच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरच्या खांबावरच्या पेटीत) पांढऱ्या चिनीमातीचे किटकॅट फ्यूज अजूनही दिसतात. एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला की आपोआप पडणारे स्विच, घरोघरी पोचले तरी किटकॅट हटलेले नाहीत. उडालेला फ्यूज जागच्या जागी, एका स्क्रूड्रायव्हरने आणि वीतभर तारेने पुन्हा चालू होतो, ही सोय दुसऱ्या कुठल्याच साधनात एवढी स्वस्त नाही. पण गोम तिथेच आहे. एमसीबीवर १६ अँपियर छापलेलं असेल तर ते १६च राहतं. किटकॅटवर छापलेला १६ हा चिनीमातीचा आणि पितळी कॉन्टॅक्टचा आकडा आहे. फ्यूज प्रत्यक्षात किती अँपियरचा, हे त्यात तार बांधणारा माणूस ठरवतो.

किटकॅटचे भाग दोनच. भिंतीवर किंवा बोर्डावर पक्का बसवलेला बेस, आणि हाताने ओढून काढायचा कॅरियर, ज्याला वायरमन ग्रिप म्हणतात. बेसमध्ये दोन स्थिर कॉन्टॅक्ट असतात, एकाला सप्लाय आणि दुसऱ्याला लोड जोडलेला. ग्रिपच्या दोन टोकांना पाती असतात, प्रत्येक पातीला एक स्क्रू, आणि या दोन स्क्रूंच्या मध्ये फ्यूजची तार. भारतात याला आयएस २०८६ हे मानक लागू आहे, ६५० व्होल्टपर्यंतच्या वापरासाठी.

तार सरळ एका स्क्रूवरून दुसऱ्यावर न नेता ग्रिपच्या पोटातल्या खाचेतून किंवा भोकातून ओवलेली असते. बेसच्या मधोमधही चिनीमातीचा उंचवटा असतो. तार वितळते तेव्हा करंट लगेच थांबत नाही. तुटलेल्या टोकांमध्ये आर्क, म्हणजे विजेची ज्योत, पेटतो, तांब्याची वाफ होते, आणि ती वाफ थंड पृष्ठभागावर जाऊन चिकटते. खाच या वाफेला बंदिस्त ठेवते, आणि उंचवट्यामुळे दोन कॉन्टॅक्टच्या मध्ये तांब्याचा सलग थर बसत नाही. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या एसी सप्लायमध्ये करंट दर १० मिलिसेकंदांनी शून्यावर येतो. त्या क्षणी टोकांमधली हवा पुरेशी निवलेली असेल तर आर्क विझतो, नसेल तर पुन्हा पेटतो. किटकॅटची बरीचशी रचना या एका क्षणासाठी केलेली आहे.

आता तारेची जाडी. तारेत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गावर आणि तारेच्या रोधावर अवलंबून असते. व्यास वाढला की रोध व्यासाच्या वर्गाने घटतो. उष्णता बाहेर जाते ती तारेच्या पृष्ठभागातून, आणि पृष्ठभाग व्यासाच्या प्रमाणात वाढतो. दोन्हींचा मेळ घातला की तार वितळवणारा करंट व्यासाच्या दीड घाताच्या प्रमाणात निघतो. ब्रिटिश पोस्ट ऑफिसचे अभियंता विल्यम हेन्री प्रीस यांनी १८८० च्या दशकात प्रयोग करून वेगवेगळ्या धातूंसाठी याचे गुणांक काढले. व्यास मिलिमीटरमध्ये घेतला तर तांब्यासाठी ८०, ॲल्युमिनियमसाठी सुमारे ५९, कथिलासाठी १२.८ आणि शिशासाठी १०.८. व्यासाचा दीड घात काढायचा, गुणांकाने गुणायचं, की वितळण्याचा करंट मिळतो. तार दुप्पट जाड घेतली तर हा करंट दुप्पट नव्हे, २.८ पट होतो. डोळ्यांना थोडीच जाड वाटणारी तार फ्यूजला कुठल्या कुठे नेऊन ठेवते ती यामुळेच.

हे सूत्र मोकळ्या हवेतल्या लांब तारेचं आहे. ग्रिपमध्ये तार आखूड असते आणि दोन्ही टोकांचं पितळ तिची उष्णता ओढून घेतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा इकडेतिकडे होतो. म्हणून व्यवहारात तक्ता वापरतात. कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेसाठी ब्रिटिश मानक बीएस ३०३६ चे आकडे असे:

५ अँपियर: ०.२० मिमी
१० अँपियर: ०.३५ मिमी
१५ अँपियर: ०.५० मिमी
२० अँपियर: ०.६० मिमी
३० अँपियर: ०.८५ मिमी

यातली १५ अँपियरची ओळ प्रीसच्या सूत्रात घालून पाहा. ०.५० मिमीची तार वितळायला सुमारे २८ अँपियर लागतात. म्हणजे १५ अँपियरचा फ्यूज २२-२३ अँपियर मुकाट्याने वाहून नेतो, तासन्‌तास. भिंतीतली वायर १.५ चौरस मिमीची असेल तर पाइपात बंद असताना तिची क्षमता साधारण १५ अँपियरच्या आसपास असते. फ्यूज शाबूत आणि वायरचं पीव्हीसी मात्र कडक होऊन तडकतंय, हा प्रकार जुन्या घरांत दिसतो तो असा. ब्रिटिश वायरिंग नियमांनी यासाठी ०.७२५ हा गुणक ठेवला आहे: फ्यूजचा आकडा वायरच्या क्षमतेच्या ७२.५ टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही. १५ ला ०.७२५ ने भागलं की २०.७ येतात. म्हणून १५ अँपियरच्या किटकॅटमागे २.५ चौरस मिमीची वायर हवी. एमसीबीला ही सूट द्यावी लागत नाही, आणि माझ्या मते किटकॅटच्या जागी एमसीबी बसवण्याचं सर्वांत सबळ कारण हेच आहे.

शॉर्ट सर्किटला मात्र ही तार चांगलीच चपळ असते. १००० अँपियरचा फॉल्ट आला तर ०.५० मिमीची तांब्याची तार साधारण ३ मिलिसेकंदांत वितळते. तेवढ्या वेळात १.५ चौरस मिमीच्या वायरला धक्काही लागत नाही. खरी परीक्षा त्यानंतर येणाऱ्या आर्कची असते. बीएस ३०३६ मध्ये अशा फ्यूजचे तीन वर्ग आहेत: १०००, २००० आणि ४००० अँपियरचा फॉल्ट तोडू शकणारे. त्यापलीकडे नाही.

हे आकडे आपल्या डीपीशी ताडून पाहू. १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, दुय्यम बाजू ४३३ व्होल्ट: पूर्णभाराचा करंट १३३ अँपियर. इम्पीडन्स (ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा अडथळा) ४.५ टक्के धरला तर ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवरच शॉर्ट झाल्यास सुमारे ३००० अँपियर वाहतात. २०० केव्हीएच्या टर्मिनलवर ५९०० च्या आसपास. शंभर-दोनशे मीटर लांबच्या घरात वायरचा रोध मध्ये आल्याने हा आकडा खूप खाली येतो, तिथे किटकॅट निभावून नेतो. पण मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या पायथ्याशी, सोसायटीच्या किंवा कारखान्याच्या मेन पॅनेलमध्ये तो लावला तर फॉल्टच्या वेळी चिनीमाती फुटून तुकडे उडतात. तिथे वाळू भरलेला एचआरसी फ्यूज लागतो. तो ८०,००० अँपियरपर्यंतचा फॉल्ट तोडतो, पण एकदा उडाला की टाकूनच द्यायचा.

फ्यूज उडाल्यावर नवी तार बांधण्याआधी ग्रिप उजेडात धरून नीट बघावी. तार मधोमध एकाच जागी तुटलेली आणि टोकांवर बारीक गोळी जमलेली असेल तर ओव्हरलोड. तार जवळजवळ नाहीशी झालेली, खाचेत काजळी आणि चिनीमातीवर तांब्याची लालसर चकाकी असेल तर शॉर्ट. अशा वेळी नवी तार घालण्यात अर्थ नाही, आधी फॉल्ट शोधायचा. तार स्क्रूपाशी तुटली असेल आणि पितळ काळंनिळं पडलं असेल तर दोष ना लोडचा ना वायरिंगचा, स्क्रू किंवा कॉन्टॅक्ट ढिला आहे. पात्यांची पकड सैल असेल तर कितीही वेळा तार बदला, ती तिथेच जळत राहणार.

बांधायची रीत अशी. मेन स्विच बंद करा आणि टेस्टरने खात्री करा. मेन स्विच किटकॅटच्या लोडकडच्या बाजूला असेल तर ग्रिप काढल्यावरही बेसच्या सप्लायकडच्या कॉन्टॅक्टमध्ये वीज असते, तिथे बोट घालू नका. ग्रिपमधली जुन्या तारेची सगळी उरलीसुरली टोकं काढा आणि काजळी कोरड्या फडक्याने पुसा. तांब्याचा थर तसाच राहिला तर पुढच्या वेळी आर्क त्याच्यावरूनच धावतो. खूप जुन्या ग्रिपमध्ये पांढरी तंतुमय गादी असते, ती बहुधा ॲस्बेस्टॉसची. ती खरवडू नका, ग्रिपच बदला. नवी तार खाचेतून ओवून स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक वेढा द्या, म्हणजे स्क्रू आवळताना ती आत ओढली जाईल. तार वॉशरखाली बसली पाहिजे. स्क्रू आवळा, पण जीव खाऊन नको: ०.२० मिमीची तार वॉशरच्या कडेने अर्धी कापली जाते आणि मग पाचाचा फ्यूज तीनवरच जातो. दोन स्क्रूंमध्ये तार किंचित सैल ठेवा. ताणून बांधलेली तार आवळताना लांबते, म्हणजेच बारीक होते. शेवटी लोड बंद ठेवून, चेहरा बाजूला करून, ग्रिप एका दमात आत दाबा. अर्धवट बसलेली ग्रिप कॉन्टॅक्ट जाळते.

फ्यूजची तार हाताशी नसली की फ्लेक्सिबल वायरीतला एखादा धागा काढून लावायची पद्धत आहे. घरातल्या १.५ चौरस मिमीच्या वायरीत बहुतेकदा ०.३ मिमीचे २२ धागे असतात. एक धागा सुमारे १३ अँपियरला वितळतो, म्हणजे तो ढोबळमानाने ७-८ अँपियरचा फ्यूज झाला. दोन धागे पिळून घातले तर? हिशोब दुपटीचा येत नाही, कारण पिळलेले धागे एकमेकांना तापवतात. फ्यूज दुपटीच्या आतच जातो, पण नेमका कुठे हे सांगता येत नाही. आणि आख्खी वायरच घातली तर ती वितळायला सव्वाशेहून जास्त अँपियर लागतील, तोवर भिंतीतली वायर केव्हाच जळून गेलेली असेल. शिवाय हे धागे उघड्या तांब्याचे असतात. फ्यूज नेहमीच गरम असतो, त्यामुळे उघडं तांबं ऑक्सिडाइज होऊन वर्षागणिक बारीक होतं आणि एक दिवस विनाकारण उडतं. कथिलाचा मुलामा असतो तो यासाठी.

न्यूट्रलमध्ये फ्यूज असता कामा नये. जुन्या वाड्यांत आणि चाळींत फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांवर किटकॅट सापडतात. न्यूट्रलचा उडाला की दिवा विझतो, पंखा थांबतो आणि घरच्यांना वाटतं वीज गेली, पण सगळं वायरिंग फेजला जोडलेलंच राहतं. न्यूट्रलच्या जागी नुसती पितळी लिंक असावी.

शेतीपंपाचं दुखणं वेगळं आहे. ५ एचपीची थ्री फेज मोटर साधारण साडेसात अँपियर घेते, सुरू होताना त्याच्या सहापटीपर्यंत. ती झेप सहन व्हावी म्हणून पेटीत २० अँपियरची, म्हणजे ०.६० मिमीची तार बांधतात. आता तिघांपैकी एक फ्यूज उडाला तर मोटर दोन फेजवर गुरगुरत चालू राहते आणि उरलेल्या दोन तारांतला करंट १३ अँपियरवर जातो. ०.६० मिमीची तार वितळायला ३७ लागतात. फ्यूज ढिम्म, वाइंडिंग जळून खाक. मोटर वाचवणं हे फ्यूजचं कामच नव्हे, ते स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचं आणि एक फेज गेला की मोटर बंद करणाऱ्या सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरचं. रिले सारखा ट्रिप होतो म्हणून त्याला बायपास करणारा माणूस मोटर रिवाइंड करणाऱ्याचं कल्याण करत असतो.

डीपीवर तर फ्यूजच्या जागी चक्क लाइनच्या कंडक्टरमधली ॲल्युमिनियमची तार बांधलेली दिसते. वीझल जातीच्या कंडक्टरची एक तार २.५९ मिमीची असते. प्रीसच्या हिशोबाने ती वितळायला जवळजवळ २५० अँपियर हवेत, आणि १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा एका फेजचा पूर्णभार १३३. पेटीतून दोन-तीन सर्किट निघत असतील तर अशी एकेक तार म्हणजे फ्यूज नसल्यासारखंच. वर ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसून स्क्रूपाशी रोध वाढतो, पेटीतले कॉन्टॅक्ट जळतात. आणि ही तार टाकायला डीपीवर स्वतः चढणं जिवावर बेततं, कारण खालची बाजू बंद केली तरी वर ११ केव्ही चालूच असतो.

त्या ११ केव्ही बाजूचा डीओ (ड्रॉप-आउट, म्हणजे उडाल्यावर खाली पडणारा) फ्यूजही याच कुळातला: नळी कायम, आतली लिंक बदलायची. लिंकचा वितळणारा भाग बारीक, त्याला जोडलेली लवचिक शेपटी नळीच्या खालच्या टोकाला ताणून बांधलेली. लिंक वितळली की ताण सुटतो, वरची कडी मोकळी होते आणि नळी खाली लोंबते. लाइनमनला जमिनीवरूनच कळतं कुठल्या फेजचा गेला. नळीच्या आतल्या फायबरच्या अस्तरातून आर्कच्या उष्णतेने वायू सुटतो आणि तोच आर्कला बाहेर फुंकतो. १०० केव्हीएला या बाजूचा पूर्णभार फक्त सव्वापाच अँपियर. लिंकऐवजी साधी तार बांधली तर ती वेळेवर वितळत नाही आणि ताण नसल्याने नळीही पडत नाही. अशा वेळी नळी आतून जळते.

अमेरिकेत नळीतली लिंक बदलण्याची हीच कल्पना कारखान्यांच्या ६०० व्होल्टपर्यंतच्या फ्यूजमध्ये रुजली. फायबरची नळी, दोन्हीकडे काढता येणारी टोपणं, आत जस्ताची पट्टी आणि तिला मुद्दाम ठेवलेल्या अरुंद माना. पट्टी बदलायची, टोपणं आवळायची, झालं. रोग तिथेही तोच निघाला: उडणं थांबावं म्हणून एकाच नळीत दोन पट्ट्या. आता तिथल्या राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार असे फ्यूज फक्त जुन्या बैठकीत बदली म्हणून चालतात, तेही आधी जास्त क्षमतेची पट्टी घातल्याच्या किंवा छेडछाडीच्या खुणा नसतील तरच.

सोलर पॅनेलच्या डीसी बाजूला किटकॅट कधीही लावू नये. डीसी करंट शून्यावर येतच नाही, त्यामुळे तार वितळल्यावर पेटलेला आर्क विझायला निमित्तच मिळत नाही आणि ग्रिप बेससकट जळते. तिथे पॅनेलच्या व्होल्टेजएवढा किंवा जास्त डीसी आकडा असलेला, ‘जीपीव्ही’ छापाचा कार्ट्रिज फ्यूज लागतो. तोही करंट वाहत असताना होल्डरमधून ओढायचा नाही. आधी डीसी आयसोलेटर बंद करायचा.