संपूर्ण भुलीची औषधे

शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाची शुद्ध, आठवण, वेदनेला मिळणारा प्रतिसाद आणि हालचाल तात्पुरती थांबवणारी, आणि काम झाल्यावर ती पूर्ववत होऊ देणारी औषधे. या अवस्थेला कोशांत शुद्धिहरण, संवेदनाहरण असे शब्द आहेत. रुग्णालयात सगळे ‘पूर्ण भूल’ म्हणतात. कमरेत सुई टोचून दिलेली स्पायनल भूल किंवा दात काढताना हिरडी बधिर करणे हे प्रकार वेगळे. तिथली औषधे मज्जातंतूतला संदेश वाटेतच अडवतात, मेंदू जागाच राहतो. त्यांचा विचार या नोंदीत नाही.

ऑपरेशनच्या आधी ‘आता तुम्हाला झोप लागेल’ असे सांगतात. धीर देण्यापुरते ते ठीक. पण झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो जागा होतो. भुलीतल्या माणसाच्या पोटावर सुरी चालते आणि तो जागचा हलत नाही. खोल भुलीतल्या मेंदूचा विद्युत आलेखही झोपेपेक्षा कोमाच्या जवळचा दिसतो. मराठी शब्द त्या मानाने नेमका आहे. रानभूल पडलेला माणूस डोळे उघडे असून वाट विसरतो, आणि भुलीच्या बहुतेक औषधांचाही कमी मात्रेत दिसणारा एक परिणाम म्हणजे विसर. शिवाय भूल ‘चढते’ आणि ‘उतरते’ असे आपण सहज म्हणतो, त्यात या औषधांचे अर्धे शास्त्र येऊन जाते.

एकाकडून अनेकांकडे : १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने रुग्णाला ईथर हुंगवले आणि जॉन वॉरन यांनी त्याच्या मानेवरच्या गाठीवर शस्त्रक्रिया केली. भुलीचा जन्मदिवस म्हणून हाच दिवस पाळला जातो. जॉर्जियातल्या क्रॉफर्ड लाँग यांनी १८४२ मध्येच ईथर वापरले होते, पण ते छापून आणायला त्यांनी १८४९ उजाडू दिले. ईथर एकटेच सगळी कामे करी. मात्र हळूहळू, भरपूर मात्रेत आणि ओकाऱ्यांसकट. आज तीच कामे वाटून दिलेली असतात. शुद्ध घालवायला प्रोपोफॉल किंवा एखादा वायू, वेदनेला फेंटानिल, धास्ती आणि आठवण पुसायला मिडॅझोलॅम, स्नायू सैल करायला व्हेक्युरोनियम किंवा ॲट्राक्युरियम. एकाच औषधावर सगळा भार टाकला की हृदय आणि श्वास दोन्ही दबतात. भार वाटला की प्रत्येकाची मात्रा कमी होते. या वाटणीला खरी गती आली ती २३ जानेवारी १९४२ ला. त्या दिवशी माँट्रिअलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये क्युरारे वापरले. दक्षिण अमेरिकेत बाणांना लावायचे हे विष. पोटाचे स्नायू सैल करण्यासाठी भूल खोल नेण्याची गरज तेव्हापासून संपली.

शिरेतून चढणारी भूल : साठ किलो वजनाच्या धडधाकट प्रौढाला प्रोपोफॉल किलोमागे सुमारे २ मिलिग्रॅम लागते. म्हणजे १२० मिलिग्रॅम, एक टक्का औषधाचे १२ मिलिलीटर. वीस मिलिलीटरच्या सिरिंजमध्ये ते दूध भरल्यासारखे दिसते, कारण प्रोपोफॉल पाण्यात विरघळत नाही. सोयाबीन तेल, ग्लिसरॉल आणि अंड्यातले लेसिथिन यांत ते घोळवलेले असते. हे मिश्रण जंतूंनाही मानवते, म्हणून फोडलेली कुपी पुढच्या रुग्णासाठी ठेवत नाहीत. हाताच्या बारीक शिरेत ते झोंबते, त्यासाठी आधी थोडे लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध देतात. रुग्ण ‘हात जळजळतोय’ म्हणतो, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात त्याचे शब्द जड होतात, जांभई येते, पापणीच्या केसांना बोट लावले तरी पापणी हलत नाही. बहुतेकांचा श्वास याच वेळी थांबतो. मग हनुवटी वर, तोंडावर मास्क, आणि पुढचे श्वास भूलतज्ज्ञाच्या हातातल्या पिशवीचे. रक्तदाबही उतरतो, वृद्धांत आणि रक्तस्राव झालेल्यांत तर धोकादायक इतका. अशा वेळी एटोमिडेट बरे पडते. ते किलोमागे ०.२ ते ०.३ मिलिग्रॅम देतात आणि रक्तदाब फारसा ढळत नाही. पण मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतले, ताण सोसायला लागणारे कॉर्टिसॉल तयार करणारे एक विकर (एन्झाइम) ते अडवते, म्हणून तासन्‌तास चालू ठेवत नाहीत.

एकदाच दिलेल्या मात्रेनंतर आठ-दहा मिनिटांत डोळे उघडू लागतात. औषध शरीराने संपवले म्हणून जाग आली, असा समज सर्रास आहे आणि तो चूक आहे. मेंदूला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून औषध आधी तिथे पोहोचते. मग तेच रक्त ते स्नायूंकडे आणि सावकाश चरबीकडे वाहून नेते. मेंदूतले प्रमाण घटते, जाग येते. पाहुणे ओसरीवरून माजघरात गेले, एवढेच. घराबाहेर पडलेले नसतात. १९३४ मध्ये वापरात आलेल्या थायोपेंटोनची सारी गोष्ट हीच आहे. जाग दहा मिनिटांत, पण निम्मे औषध शरीराबाहेर पडायला अर्ध्या दिवसाच्या आसपास वेळ. ते थेंबाथेंबाने चालू ठेवले की माजघरही भरते, आणि मग रुग्ण तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. प्रोपोफॉल यकृतात आणि यकृताबाहेरही झपाट्याने मोडते. आठ तास चालवून बंद केले तरी रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला चाळीस मिनिटे लागत नाहीत. थायोपेंटोन मागे पडले ते मुख्यतः यामुळे. प्रोपोफॉलनंतर मळमळ कमी, हेही एक कारण.

केटामाइन : हे या सगळ्यांत वेगळे, आणि खेड्यातल्या रुग्णालयाला सर्वांत उपयोगी. १९६२ मध्ये संश्लेषण, १९६४ मध्ये मिशिगनमधल्या तुरुंगातील स्वयंसेवकांवर पहिला वापर. याने रुग्ण निजल्यासारखा दिसत नाही. डोळे उघडे, बुबुळे हळूहळू दोलायमान, हात मध्येच हलतो. पण वेदना पोहोचत नाही आणि नंतर काही आठवत नाही. रानभूल म्हणावी ती हीच. श्वास बहुधा चालू राहतो, रक्तदाब वाढतो, दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका सैलावतात. शीर सापडत नसेल तर दंडात किंवा मांडीत टोचूनही चालते. उलट बाजूला लाळ सुटते, आणि भूल उतरताना प्रौढांना भयंकर भास होऊ शकतात. सोबत मिडॅझोलॅम दिले की ते कमी होतात. नशेसाठी होणाऱ्या गैरवापरामुळे भारतात २०१३ पासून ते शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीत आहे, त्यामुळे कपाटाला कुलूप आणि वहीत कुपीगणिक हिशेब.

श्वासावाटे चढणारी भूल : इथले गणित ऐकताना उलटे वाटते. जो वायू रक्तात कमी विरघळतो त्याची भूल लवकर चढते. रक्त हे मेंदूच्या आधीचे गिऱ्हाईक. ईथर रक्तात इतके विरघळते (हवेच्या सुमारे बारापट) की फुप्फुसातून आलेला माल रक्तच गिळून बसते, आणि मेंदूपर्यंत पुरेसा दाब पोहोचायला वेळ लागतो. हाच गुणक हॅलोथेनचा सुमारे २.४, आयसोफ्लुरेनचा १.४, सेव्होफ्लुरेनचा ०.६५, नायट्रस ऑक्साइडचा ०.४७ आणि डेसफ्लुरेनचा ०.४२. भूल उतरण्याचा क्रमही जवळपास असाच. मग सगळीकडे डेसफ्लुरेनच का नाही? ते श्वासमार्गाला झोंबते, खोकला आणते. शिवाय ते २३ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, म्हणून त्याला विजेवर तापवलेला खास व्हेपोरायझर (औषधाची वाफ मोजून सोडणारे पात्र) लागतो. सुई पाहून रडणाऱ्या पोराला मास्कवर भूल द्यायची तर पिवळ्या खुणेचा व्हेपोरायझर, म्हणजे सेव्होफ्लुरेन.

मात्रा मोजायचे माप एडमंड एगर आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात रूढ केले. फुप्फुसातल्या वायुकोशांतल्या ज्या प्रमाणाला निम्मे रुग्ण त्वचेवर छेद दिला तरी हलत नाहीत, ते किमान वायुकोशीय प्रमाण. थिएटरातला शब्द ‘मॅक’. निम्मे हलत नाहीत याचा अर्थ निम्मे हलतात, हे विद्यार्थी हटकून विसरतात. हॅलोथेनचा मॅक ०.७५ टक्के, आयसोफ्लुरेनचा १.१५, सेव्होफ्लुरेनचा सुमारे २, डेसफ्लुरेनचा ६ आणि नायट्रस ऑक्साइडचा १०४. शंभराहून जास्त टक्के देता येत नाहीत, प्राणवायूलाही जागा हवी. म्हणून नायट्रस एकट्याने कधीच पुरत नाही, दुसऱ्याच्या जोडीला चालते. मॅकची बेरीज होते: अर्धा याचा, अर्धा त्याचा, मिळून एक. काही महिन्यांच्या बाळाला तो सर्वांत जास्त लागतो, आणि चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी सुमारे सहा टक्क्यांनी घटतो.

हे माप हालचालीवर बेतलेले आहे, ही त्याची मोठी अडचण. १९९३ मध्ये उंदरांच्या मेंदूचा पुढचा भाग मज्जारज्जूपासून तोडून पाहिला, तरी त्यांना निश्चल करायला आयसोफ्लुरेन तेवढेच लागले. निश्चलता मुख्यतः मज्जारज्जूत घडते; विसर आणि शुद्ध जाणे वर मेंदूत, आणि तेही मॅकच्या बऱ्याच कमी प्रमाणात. एकाच अवस्थेचे हे तुकडे निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या मात्रेला घडतात.

क्रिया : ईथरचा साधा रेणू, नायट्रसचे तीन अणू, झेनॉनसारखा निष्क्रिय वायू, यांच्यात साम्य कशाचे? १८९९ मध्ये हान्स मायर आणि १९०१ मध्ये चार्ल्स ओव्हर्टन यांनी, बेडकाची पिल्ले पोहायची थांबतात कधी ते पाहत, एक नियम मांडला : पदार्थ ऑलिव्ह तेलात जितका जास्त विरघळतो तितकी त्याची भूल जोरकस. त्यावरून ही औषधे चेतापेशीच्या स्निग्ध पटलात शिरून ते बिघडवतात, असे पुढची ऐंशी वर्षे मानले गेले. १९८४ मध्ये निकोलस फ्रँक्स आणि विल्यम लीब यांनी काजव्याचा प्रकाश पाडणारे ल्युसिफरेज हे प्रथिन घेतले. त्यात चरबीचा अंशही नव्हता, तरी भुलीची औषधे त्याला त्याच क्रमाने रोखत होती. मायर-ओव्हर्टन यांचे मोजमाप बरोबर होते, अर्थ चुकला होता.

आज मुख्य लक्ष्य मानतात ते गाबा-ए रिसेप्टर, म्हणजे चेतापेशीवरची गाबा बसण्याची जागा. गाबा हे मेंदूतले आवर घालणारे रसायन. ते बसले की क्लोराइडची वाट उघडते आणि चेतापेशी शांत होते. प्रोपोफॉल, एटोमिडेट, थायोपेंटोन आणि सेव्होफ्लुरेनसारखे वायू ही वाट जास्त वेळ उघडी ठेवतात. या रिसेप्टरच्या एका घटकातले एकच अमिनो आम्ल बदललेले उंदीर प्रोपोफॉल आणि एटोमिडेटला फारसे बधत नाहीत, असे २००३ मध्ये दिसले. केटामाइन, नायट्रस आणि झेनॉन यांचा रोख मात्र ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाच्या एनएमडीए रिसेप्टरवर. ते चेतवणारा संदेश अडवतात.

धोके : क्लोरोफॉर्मची भूल चढत असतानाच काही माणसे अचानक दगावत. मृत्यू श्वासाने की हृदयाने, हा वाद हैदराबादेत चालला. निजामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ मध्ये एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने दोन आयोग बसले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, आणि निष्कर्ष निघाला की श्वास आधी थांबतो, नाडीकडे पाहायचे कारण नाही. तो चुकीचा ठरला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवले की हलक्या क्लोरोफॉर्मखाली ॲड्रेनॅलिन वाढले तर हृदयाची नुसती थरथर सुरू होते आणि ते बंद पडते. म्हणजे जास्त औषधाइतकाच धोका अर्धवट चढलेल्या भुलीतही होता.

१९५६ मध्ये आलेल्या हॅलोथेनने ज्वालाग्राही ईथरची धास्ती घालवली. पण ते सुमारे वीस टक्के शरीरात मोडते, आणि त्या तुकड्यांमुळे क्वचित, विशेषतः दुसऱ्यांदा दिल्यावर, यकृत गंभीरपणे बिघडते. घातक अतिताप हा आणखी दुर्मीळ प्रकार. बऱ्याच घराण्यांत तो आरवायआर-१ या जनुकातल्या दोषाने उतरतो. वाफेची भूल किंवा स्कोलिन हे स्नायू सैल करणारे औषध दिले की स्नायूंतले कॅल्शियम मोकाट सुटते, श्वासातला कार्बन डायऑक्साइड चढतो, शरीर ताठरते, मग ताप. उपाय एकच, डँट्रोलीन, किलोमागे २.५ मिलिग्रॅमपासून. म्हणून ‘घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?’ या प्रश्नाला नातेवाइकांनी ‘काही नाही हो’ म्हणून उडवून लावू नये.

स्नायू सैल करणारी औषधे भूल देत नाहीत, फक्त हालचाल काढून घेतात. ती चढलेली असताना मूळ भूल कमी पडली तर रुग्ण ऐकतो, प्रसंगी वेदनाही सोसतो, आणि सांगू शकत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडच्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत, रुग्णांनी स्वतःहून सांगितलेल्या अशा घटनांचे प्रमाण १९,००० भुलींमागे एक असे आले. त्या घटनांपैकी बहुसंख्यांत स्नायू सैल करणारी औषधे दिलेली होती. ऑपरेशन संपताना निओस्टिग्मिनने किंवा सुगामाडेक्सने स्नायूंचा सैलपणा उलटवतात, मगच घशातली नळी काढतात.

हवेत गेलेली भूल : हॅलोथेन शरीरात मोडते म्हणून यकृताला त्रास. डेसफ्लुरेन ०.०२ टक्केच मोडते, म्हणून यकृत वाचते, पण जवळपास सगळे औषध उच्छ्वासातून, थिएटरच्या नळातून, जसेच्या तसे आकाशात जाते. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता धरण्याची ताकद तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजारपट. सेव्होफ्लुरेनची दोनशेपटीच्या आत. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून, वैद्यकीयदृष्ट्या अटळ असेल तेवढाच अपवाद ठेवून, डेसफ्लुरेनचा वापर बंद केला आहे. इतर वायूंच्या बाबतीत उपाय मशीनवरच असतो: उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड सोडालाइमच्या डब्यात शोषून तोच वायू पुन्हा रुग्णाकडे वळवायचा, आणि ताज्या वायूचा मिनिटाला पाच-सहा लिटरचा प्रवाह एक लिटरपर्यंत खाली आणायचा.