घर विकायला काढताय? रंगाआधी ओल बघून घ्या

“घर विकायचंय, रविवारी एक पार्टी बघायला येणार आहे, तेवढा हॉल-बेडरूमला एक हात मारून द्या.” असे फोन आम्हा रंगकाम करणाऱ्यांकडे बारा महिने येतात, आणि गणपतीच्या तोंडावर तर रोजच. त्यातल्या बऱ्याच जणांना आम्ही लगेच होकार देत नाही, आधी घर बघू म्हणतो. मग काहींना वाटतं, ही मंडळी काम वाढवतायत. आम्ही असं का करतो ते एकदा नीट सांगावं म्हणून हे पत्रक.

विकायच्या घराला रंग हवाच, त्यात वाद नाही. पण ओल्या भिंतीवर दिलेला रंग टिकत नाही, आणि विक्रीच्या व्यवहारात तो नेमका नको त्या वेळी सुटतो. टोकन घेतल्यापासून कर्ज मंजूर होऊन, रजिस्ट्रेशन होऊन ताबा देईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. तेवढ्यात घेणारा कितीदा तरी येऊन जातो. बायको-मुलांना आणतो, आईवडिलांना आणतो, कुणी वास्तू बघणाऱ्याला आणतो, शिवाय घराची किंमत ठरवणारा बँकेचा व्हॅल्युअर येतो तो वेगळाच. पहिल्या खेपेला गुळगुळीत दिसलेली भिंत तिसऱ्या खेपेला फुगलेली दिसली, की त्याला सगळ्या घराचीच शंका येते आणि ठरलेला भाव पुन्हा बोलायला निघतो. दुरुस्तीला जेवढे लागले असते, त्याच्या कितीतरी पट तिथे जातात.

भिंतीत होतं काय, तेही सांगतो. आत मुरलेलं पाणी सिमेंट-विटांतले क्षार विरघळवून पृष्ठभागापर्यंत आणतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. आपण ‘लोणा लागला’ म्हणतो तो हाच. त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग दिला की क्षार आतून लांबीला ढकलत राहतात. आधी फोड येतात, मग पोपडे सुटतात. ऑइल पेंट असेल तर वाफेला बाहेर पडायला वाटच राहत नाही, म्हणून तिथे फोड आणखी मोठे. “महागातला रंग लावला तर नाही ना येणार?” असं हमखास विचारलं जातं. तरीही येणार. घरातल्या बाजूने लावलेला कुठलाही रंग भिंतीमागचं पाणी अडवू शकत नाही.

तेव्हा पाणी कुठून येतंय हे आधी शोधायचं. आमचा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो, आणि मदतही तुमचीच सगळ्यात जास्त होते, कारण त्या घरात तुम्ही राहिलेले आहात. ओल कधी येते ते आठवून ठेवा. भिंत एप्रिल-मेमध्ये खडखडीत आणि पावसात ओली, म्हणजे पाणी बाहेरून येतंय. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती जास्त मार खातात. मुंबईत सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढ्या पावसात बाहेरच्या प्लास्टरची बारीकशी चीरही पुरते. भर उन्हाळ्यातही ओल असेल तर संशय नळाच्या पाइपावर किंवा बाथरूमवर. डाग दिवसरात्र सारखाच ओला राहत असेल तर बहुतेक भिंतीत गाडलेली पाइपलाइन गळत असते. सकाळच्या आंघोळी आटोपल्यावर डाग वाढतो आणि संध्याकाळपर्यंत फिका पडतो, असं असेल तर नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड) नाहीतर फरशीचे सांधे बघायचे.

एक परीक्षा तुम्ही घरीच करू शकता. जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा संशयाच्या जागी चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस तसाच राहू द्या. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर तो हवेतला दमटपणा, खिडक्या उघडून हवा खेळती ठेवली की भागतं. मग बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करून बघा. आवाज पोकळ आला तर प्लास्टर सुटलंय, तेवढा भाग फोडून नव्याने करावा लागेल.

खिडक्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे हातानेच ओल ओढवून घेतली जाते. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. मागच्या वेळच्या रंगाऱ्याने ती लांबीने बुजवलेली असतात, पाणी पट्टीत तुंबतं आणि खिडकीखालची भिंत आतून भिजते. बऱ्याच घरांत नुसती ती भोकं मोकळी करून, चौकटीभोवती सीलंट भरून काम भागलंय. बॉक्स ग्रिलमधल्या कुंड्या भिंतीला टेकवून ठेवू नका. एसीच्या पाइपासाठी पाडलेल्या भोकाचा उतार घराच्या आत नाही ना, तेही बघा.

खर्च कोणाचा, हा पुढचा प्रश्न. हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (मॉडेल बाय-लॉज) बाहेरच्या भिंतीतून, गच्चीतून किंवा सामायिक पाइपांतून येणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आणि फ्लॅटमधल्या बाथरूम-सिंकची गळती त्या सभासदाने. म्हणजे तुमच्या बाथरूमच्या छताला डाग असेल तर बोलणं वरच्या मजल्यावरच्यांशी करावं लागणार. ते गोडीत करा, आणि सोसायटीला लेखी पत्रही द्या. त्यांचं काम झाल्याशिवाय तुमचं छत रंगवण्यात अर्थ नसतो. छताचे पोपडे पडून सळई दिसत असेल तर ते रंगाऱ्याचं कामच नव्हे. आम्ही ते झाकून देत नाही, कोणी देतो म्हणाला तरी करून घेऊ नका.

“विकायचंच आहे तर झाकलं तर काय बिघडलं?” हे आम्हाला तोंडावर विचारणारेही आहेत. कायद्याचं सांगायचं तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. कायदा बाजूला ठेवला तरी मुंबईतला घेणारा आयुष्यभराची पुंजी घालून, वर वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन येतो. त्याला फसवण्याच्या कामाला आम्ही हात लावणार नाही. आणि एकाच भिंतीवर ताजा रंग दिसला की अनुभवी माणूस आधी तिथेच हात लावून बघतो.

आता वेळेचं. गणपतीआधी रंग काढायची आपली सगळ्यांची सवय, पण तेव्हा भिंती वर्षातल्या सगळ्यात ओल्या असतात. विकायच्या घराला ही घाई करू नका. पितृपक्षात सौदे बहुधा थांबतात, टोकन द्यायला कोणी येत नाही. त्या पंधरवड्यात प्लंबिंग आणि बाथरूमचं काम उरकून घ्या. मग ऑक्टोबरच्या उन्हात भिंती सुकू द्या, आणि रंग शेवटी. नवं प्लास्टर केलं असेल तर त्याला महिनाभर द्यावाच लागतो. दसऱ्याला घर दाखवायला सुरुवात करायची असेल तर पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेमध्येच आम्हाला बोलवा. बाहेरच्या भिंतीची कामं तेव्हाच चांगली होतात.

बाकीच्या तयारीत फार पैसे घालू नका. नवं मॉड्युलर किचन बसवलंत तर घेणारा बहुतेक ते काढून आपल्या आवडीचं करतो. त्यापेक्षा माळे रिकामे करा, भिंतीला टेकलेली कपाटं चार बोटं पुढे ओढा, बंद ट्यूब बदला, करकरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल घाला. रंग फिका निवडा. शेअर सर्टिफिकेट, आधीचे करारनामे आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र एका फाइलमध्ये ठेवा. इमारत ३० वर्षांवरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीची, विचारणा होणारच, सेक्रेटरींकडून त्याची प्रत घेऊन ठेवा.

आमची पद्धत अशी. फोनवर भाव सांगत नाही, कारण कार्पेट एरियावरून रंगाचं माप कळत नाही. भिंती आणि छत धरून ते साधारण तिप्पट किंवा थोडं वरच भरतं. पाहणीचे पैसे घेतो आणि काम दिलंत तर ते बिलातून वजा करतो. गळती काढली की कुठे काय केलं ते फोटोंसह लिहून देतो. तो कागद घेणाऱ्याला दाखवा. “इथे ओल होती, हे काम करून घेतलं,” असं विकणाऱ्याने आपणहून सांगितलं की पुढचं बोलणं सोपं जातं, हे आमचे ग्राहकच येऊन सांगतात.

पाहणीला बोलावताना डागांचे फोटो आधी व्हॉट्सॲपवर पाठवा, मागच्या पावसातले असतील तर फारच उत्तम. आणि बाथरूमच्या छताला डाग असेल तर वरच्या मजल्यावरच्यांना एक दिवस आधी सांगून ठेवा. त्यांच्या बाथरूमचा ट्रॅप बंद करून फरशीवर पाणी भरून ठेवावं लागतं आणि चोवीस तासांनी खाली बघावं लागतं, तेवढा दिवस त्यांना आंघोळीची दुसरी सोय करावी लागते.