पेस आणि ठोके : जीपीएस घड्याळातील दोन आकड्यांचा इतिहास

मुंबई, पुणे, नाशिक, सातारा या शहरांत गेल्या दोन दशकांत लांब पल्ल्याच्या धावण्याची आवड रुजली आणि तिच्यासोबत मनगटावरचे जीपीएस घड्याळही रुजले. त्याच्या पडद्यावर धावताना दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात : किलोमीटरला लागणारा वेळ, म्हणजे पेस, आणि मिनिटाला पडणारे हृदयाचे ठोके. ते इतके सहज एकत्र नांदतात की दोन्ही एकाच गरजेतून जन्मले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात पहिला आकडा अमेरिकी संरक्षण खात्याच्या उपग्रहांमुळे मिळू लागला, तर दुसरा फिनलंडमधल्या बर्फाच्या वाटांवर खेळाडूंच्या हाती आला. आणि त्या ठोक्यांचा अर्थ लावणारे ‘झोन’, म्हणजे मेहनतीच्या तीव्रतेचे टप्पे, ज्या सूत्रावर उभे आहेत, ते हृदयरोगाच्या अभ्यासकांनी काढलेल्या एका ढोबळ रेषेतून निघाले. सराव या घड्याळावर बेतणाऱ्याने ही तीन मुळे वेगवेगळी ओळखली पाहिजेत असे मला मनापासून वाटते, कारण तिन्हींवर सारखाच भरवसा ठेवता येत नाही.

नाडी मोजण्याची धडपड घड्याळाच्या तंत्राइतकीच जुनी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील वैद्य सांतोरियो याने लंबकाच्या दोऱ्याची लांबी कमी-जास्त करून नाडीचा ठेका जुळवण्याचे साधन वापरले. १७०७ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर जॉन फ्लॉयर याने खास नाडी मोजण्यासाठी करवून घेतलेल्या, सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाची माहिती प्रसिद्ध केली. मात्र नाडी मोजायची तर माणसाला थांबावे लागे, आणि ही अडचण पुढची अडीचशे वर्षे टिकली.

खेळाच्या सरावात ठोक्यांचा पद्धतशीर वापर १९३० च्या दशकात जर्मनीत सुरू झाला. प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि फ्रायबुर्ग येथील हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइन्डेल यांनी बसवलेल्या पद्धतीत खेळाडूने छोटे अंतर वेगाने धावून ठोके मिनिटाला १८० च्या आसपास न्यायचे, मग ते १२० च्या जवळ उतरेपर्यंत विश्रांती घ्यायची आणि पुन्हा धावायचे, असा क्रम होता. ठोके उतरायला दीड मिनिटाहून जास्त वेळ लागला तर आधीचा वेग झेपण्याजोगा नव्हता, असे मानले जाई. आज ज्याला इंटरव्हल म्हणतात त्या सरावाची ही एक मूळ शाखा. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलान येथे ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून जो विश्वविक्रम केला, तो १९५५ पर्यंत अबाधित राहिला. या पद्धतीत धावून झाल्यावर बोटांनी मनगट किंवा मान चाचपून ठोके मोजत. प्रत्यक्ष धावताना हृदय काय करत आहे, हे तेव्हा कोणालाच दिसत नव्हते.

ते दिसण्यासाठी हृदयाचे विद्युत संकेत टिपणारे यंत्र अंगावर वागवता येण्याइतके लहान व्हायला हवे होते. नेदरलंड्समधील लायडन येथे विलेम आइन्टहोवेन याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हृदयाचा विद्युत आलेख काढला, त्या कामासाठी त्याला १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याचे यंत्र पाव टनाहून जड होते आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मोंटाना राज्यात नॉर्मन होल्टर याने चालत्या-फिरत्या माणसाचे संकेत रेडिओद्वारे पाठवून दाखवले, तेव्हा पाठीवरच्या सामानाचे वजन सुमारे ३८ किलो होते. रुग्णालयात आजही त्याच्याच नावाने ओळखले जाणारे होल्टर यंत्र पुढे खिशात मावू लागले, तरी त्यातली नोंद डॉक्टर नंतर वाचत असे. खेळाडूला आकडा हवा होता तो त्याच क्षणी.

ही गरज सर्वांत तीव्रपणे जाणवली ती धावण्यात नव्हे, तर क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून लांब पल्ला कापण्याच्या खेळात, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ट्रॅकवर धावणाऱ्याला हातातल्या साध्या घड्याळावरून आपण किती जोर लावत आहोत याचा अंदाज येतो, कारण ट्रॅक रोज सारखाच असतो. बर्फ मात्र दर दिवशी बदलतो. तापमान दोन अंशांनी वाढले, नवा बर्फ पडला, पट्ट्यांना लावलेले मेण चुकले, की तेवढ्याच मेहनतीत वेग कमालीचा कमी-जास्त होतो. शिवाय वाटेत चढ-उतार असतातच. अशा वाटेवर किलोमीटरचा वेळ मेहनतीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. फिनलंडमधील औलू विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक असलेले सेप्पो सायनायाकांगास यांना १९७० च्या दशकाच्या मध्यास स्कीच्या वाटेवर भेटलेल्या एका प्रशिक्षकाने नेमकी हीच अडचण सांगितली. त्यातून १९७७ मध्ये औलूजवळच्या केम्पेले येथे पोलर ही कंपनी उभी राहिली. सुरुवातीचे साधन बोटाच्या टोकावरून नाडी मोजणारे होते. १९८२ मध्ये आलेल्या ‘स्पोर्ट टेस्टर पीई २०००’ने छातीवरचा पट्टा आणि मनगटावरचे घड्याळ यांच्यातली तार काढून टाकली.

त्या पट्ट्याचे तत्त्व आजही तेच आहे. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर उठणारी विद्युत लहर त्वचेवर टेकलेल्या दोन ओलसर पट्ट्या टिपतात आणि लहरीचे ठळक टोक आले की घड्याळाला संकेत जातो. जुन्या पोलर पट्ट्यांचा संकेत ५ किलोहर्ट्‌झच्या चुंबकीय क्षेत्रातून जाई आणि त्याचा पल्ला जेमतेम मीटरभर असे. तरीही दोन धावपटू खेटून पळू लागले की एकाच्या घड्याळात दुसऱ्याचे ठोके दिसत, म्हणून पुढे संकेताला सांकेतिक क्रमांक जोडावा लागला. हल्लीचे पट्टे ब्लूटूथ किंवा अँट प्लस ही बिनतारी तंत्रे वापरतात, त्यामुळे हा घोळ संपला. मोजणीचा गाभा मात्र विजेचाच राहिला, आणि म्हणूनच खेळाडूला उपलब्ध असलेल्या साधनांत तो आजही सर्वांत खात्रीचा मानला जातो.

अंतर आणि वेग यांची कथा पूर्णपणे वेगळ्या वाटेने आली. अमेरिकी संरक्षण खात्याने जीपीएसचा पहिला प्रायोगिक उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये सोडला आणि १९९५ मध्ये २४ उपग्रहांची यंत्रणा पूर्ण कार्यरत झाल्याचे जाहीर झाले. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या या उपग्रहांपैकी किमान चारांचे संकेत पोहोचायला किती वेळ लागला, यावरून घड्याळ आपली जागा ठरवते. नागरी वापराच्या संकेतात मात्र जाणीवपूर्वक चूक मिसळलेली असे, त्यामुळे दाखवलेली जागा १०० मीटरपर्यंत चुकू शकत असे. कॅसिओने १९९९ मध्ये पहिले जीपीएस मनगटी घड्याळ आणले, पण एवढ्या चुकीसह त्याचा धावपटूला पेस समजण्यासाठी उपयोग नव्हता. २ मे २००० रोजी, तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशानुसार, ती चूक मिसळणे थांबले आणि उघड्या आकाशाखाली जागा दहा-वीस मीटरांच्या आत कळू लागली. माझ्या मते या घड्याळाच्या इतिहासातली सर्वांत निर्णायक तारीख हीच. त्या दिवशी कोणतेही नवे यंत्र बाजारात आले नव्हते, तरीही.

त्यानंतर गोष्टी झपाट्याने घडल्या. टाइमेक्सने गार्मिनच्या सहकार्याने दंडावर बांधायचा जीपीएस आणि मनगटी घड्याळ अशी जोडी काढली. विमाने आणि नौकांसाठी दिशादर्शक उपकरणे बनवणाऱ्या गार्मिनने २००३ मध्ये फोररनर १०१ आणि २०१ ही एकसंध घड्याळे आणली. पुढच्या ‘३०१’ला छातीचा पट्टा जोडला गेला, आणि २००६ च्या ‘३०५’मध्ये झाडीत व इमारतींमध्ये संकेत टिकवून धरणारी चांगली चिप आली. पोलरकडे ठोके मोजण्याचा वीस वर्षांचा अनुभव होता, तरी जीपीएससाठी तिने बराच काळ वेगळी डबी दिली. आज अनेक घड्याळे अमेरिकेखेरीज रशिया, युरोप व चीनच्या उपग्रहांचे संकेत घेतात, आणि नवी महागडी घड्याळे दोन लहरींवर ते घेतात, त्यामुळे भिंतींवरून परावर्तित होऊन आलेला संकेत ओळखणे सोपे जाते. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडवरच्या उंच इमारतींमधून धावताना जुन्या घड्याळाचा पेस अचानक वर-खाली होई, तो याच परावर्तनामुळे.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये या दोन आकड्यांचा स्वभाव स्पष्ट दिसतो. २०१२ पासून होणाऱ्या या शर्यतीत धावपटू यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जातात आणि त्याच वाटेने परत उतरतात. चढावर पेस मंदावतो, उतारावर तो भलताच चांगला दिसतो, आणि दोन्हींचा मेहनतीशी थेट मेळ नसतो. फिनलंडच्या प्रशिक्षकापुढे होती तीच अडचण इथे बर्फाऐवजी घाटाच्या रूपाने उभी राहते. चढावर ठोके सांभाळणारा धावपटू वरच्या वळणावर शिल्लक राखून पोहोचतो. उलट मुंबईच्या दमट हवेत सपाट रस्त्यावर पेस तोच ठेवला, तरी तासाभरात ठोके दहा-पंधराने चढू शकतात, कारण घामावाटे पाणी जाते आणि शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते. तिथे केवळ ठोक्यांकडे पाहिले तर तंदुरुस्ती ढासळल्याचा गैरसमज होतो.

छातीचा पट्टा अनेकांना काचतो, उन्हाळ्यात घासतो, म्हणून ठोके मनगटावरूनच मोजण्याचा प्रयत्न झाला. प्रकाशाने रक्तप्रवाह टिपण्याची कल्पना अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ आल्रिक हर्ट्‌झमन यांनी १९३० च्या दशकात मांडली होती. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात. रक्त हिरवा प्रकाश शोषते, त्यामुळे प्रत्येक ठोक्यागणिक परतणारा प्रकाश किंचित कमी-जास्त होतो. २०१३ च्या सुमारास मिओ कंपनीच्या घड्याळाने हे धावतानाही शक्य असल्याचे दाखवले, आणि २०१५ मध्ये गार्मिनच्या फोररनर २२५ मध्ये मिओचेच तंत्र आले. पण पट्टा वीज वाचतो आणि मनगटावरचा दिवा रक्ताची हालचाल पाहतो, हा फरक मूलभूत आहे. हात हलला की रक्तही हलते. घड्याळ सैल असेल तर ते हृदयाऐवजी पावलांची लय पकडते, आणि मिनिटाला १७० पावले टाकणाऱ्या धावपटूला सावकाश धावतानाही ठोके १७० दिसतात. मनगटाच्या हाडाच्या थोडे वर, घट्ट बांधलेले घड्याळ एकसमान धावण्यात चांगले चालते; छोट्या वेगवान इंटरव्हलमध्ये ते मागे पडते, आणि तिथे पट्टाच वापरावा.

आता झोनकडे येतो, कारण मोजणी एवढी सुधारल्यावरही बहुतेकांचा सराव इथेच बिघडतो. फिनलंडमधील मार्टी कार्वोनेन व सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये मोजक्या तरुणांवर केलेल्या अभ्यासातून असे मांडले की सरावाची तीव्रता विश्रांतीतले ठोके आणि कमाल ठोके यांच्यातल्या फरकावर मोजावी. कमाल ठोके कसे ठरवावेत, याचे ‘२२० वजा वय’ हे उत्तर १९७० च्या सुमारास अमेरिकेतील सॅम्युएल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल यांच्या कामातून आले. आधीच्या काही अभ्यासांतले ठिपके आलेखावर मांडून त्यांतून डोळ्याने बसेल अशी ती रेषा होती; प्रत्येक खेळाडूसाठी नियम करण्याचा तिचा हेतू नव्हता. २००१ मध्ये हिरोफुमी तानाका व सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यास एकत्र करून ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ हे सुधारित सूत्र दिले. गंमतीची बाब म्हणजे वयाच्या चाळिसाव्या वर्षी दोन्ही सूत्रे एकच उत्तर देतात : १८०. खरी अडचण सूत्राच्या निवडीत नाहीच. एकाच वयाच्या निरोगी माणसांचे कमाल ठोके सरासरीपासून सहज दहा-बारा इकडे-तिकडे असतात.

याचा परिणाम एका उदाहरणात पाहावा. वय ४५, विश्रांतीतले ठोके ५८. सूत्राप्रमाणे कमाल १७५. अनेक घड्याळे पेटीतून काढल्यावर दुसरा झोन कमाल ठोक्यांच्या ६० ते ७० टक्के धरतात, म्हणजे १०५ ते १२२. त्याच घड्याळात कार्वोनेनची पद्धत निवडली की तोच झोन १२८ ते १४० होतो. आणि या माणसाचे खरे कमाल ठोके १८७ असतील, तर तो १३५ ते १४८ वर जातो. पहिल्या आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्याला ‘झोन दोन’मध्ये राहण्यासाठी धावणे सोडून चालावे लागते, आणि ज्याचे खरे कमाल ठोके सूत्राहून कमी आहेत असा, दुसऱ्या टोकाचा माणूस सावकाश धावण्याच्या दिवशीही दमून घरी येतो. संवेदक दोघांनाही अचूक आकडा देत असतो.

पेस आणि ठोके हे दोन प्रवाह खऱ्या अर्थाने एकमेकांत मिसळले ते २०१३ नंतर, जेव्हा गार्मिनच्या फोररनर ६२० ने फिनलंडमधील युवास्कुला येथील फर्स्टबीट कंपनीचे गणित वापरून प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेचा अंदाज दाखवायला सुरुवात केली. अमुक वेगाला अमुक ठोके पडतात, यावरून तो अंदाज बांधला जातो. पुढे २०२० मध्ये गार्मिनने तिचा हे गणित पुरवणारा विभाग, फर्स्टबीट अ‍ॅनालिटिक्स, विकतच घेतला. त्या हिशेबातही कमाल ठोक्यांचा आकडा लागतो. तो चुकीचा असेल, तर घड्याळ दाखवत असलेली क्षमता आणि त्यावर आधारलेले शर्यतीचे अंदाजही तेवढेच सरकतात.

म्हणून अनेक प्रशिक्षक आता वयाचे सूत्र बाजूला ठेवून मैदानी चाचणीवर झोन बसवतात. चांगले अंग गरम करून, सपाट रस्त्यावर, छातीचा पट्टा लावून ३० मिनिटे एकट्याने शर्यतीच्या जोराने धावायचे, आणि शेवटच्या २० मिनिटांतली ठोक्यांची सरासरी उंबरठा म्हणून, म्हणजे बराच वेळ पेलता येईल अशा सर्वांत मोठ्या जोराचे ठोके म्हणून, घड्याळात भरायची. हृदयविकाराचा इतिहास, छातीत दुखणे किंवा चक्कर असे काही असेल, तर डॉक्टरांच्या तपासणीआधी ही चाचणी करू नये. आपल्याकडे ती डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे घ्यावी. एप्रिलच्या उकाड्यात घेतलेल्या चाचणीत ठोके उन्हाने चढलेले असतात आणि त्यावर बसवलेले झोन थंडीच्या दिवसांत उपयोगी पडत नाहीत. दर तीन-चार महिन्यांनी चाचणी पुन्हा घेतली की घड्याळातला आकडा त्या त्या धावपटूचा स्वतःचा राहतो.