सोयाबीन बियांतील सॅपोनिने व त्यांची आनुवंशिकी

सोयाबीनच्या (ग्लायसीन मॅक्स) बियांतील कडू-तुरट चवीच्या ट्रायटर्पीन ग्लायकोसाइडांचा (साखर जोडलेल्या संयुगांचा) वर्ग आणि त्यांच्या जडणघडणीवर नियंत्रण ठेवणारी जनुके. बियांच्या चवीत आयसोफ्लॅव्होन या दुसऱ्या संयुगवर्गाचाही वाटा आहे. कच्चट वास मात्र वेगळ्या कारणाने येतो.

सॅपोनिनांचे मुख्य गट दोन : ‘अ’ गट आणि डीडीएमपी गट (हे नाव रेणूला जोडलेल्या एका रासायनिक घटकावरून). पूर्वी स्वतंत्र मानलेली ‘ब’ व ‘ई’ गटांची सॅपोनिने बहुतांशी डीडीएमपीच्याच विघटनातून बनतात, असे आता मानले जाते. दळणे, शिजवणे यांसारख्या प्रक्रियांत हे विघटन होते. ‘अ’ गट मुख्यतः अधोबीजपत्रात (अंकुराच्या देठासारख्या भागात) आढळतो. हा भाग बीच्या वजनाच्या सुमारे २ टक्केच असतो, पण त्यात सॅपोनिनांची घनता डाळिंब्यांच्या कितीतरी पट असते. आयसोफ्लॅव्होनांपैकी ग्लायसिटीन तर जवळजवळ तिथेच सापडते.

‘अ’ गटाच्या रेणूवर, कार्बन-२२ पाशी, अरॅबिनोज व त्यापुढे एक ॲसिटिलयुक्त साखर असते. ही टोकाची साखर कोणती, हे सातव्या गुणसूत्रावरील एसजी-१ हे जनुकस्थान ठरवते. त्याच्या एका रूपातील एंझाइम झायलोज जोडते, तर दुसऱ्यातील ग्लुकोज. दोन्ही एंझाइमांत मोजक्याच ॲमिनो आम्लांचा फरक असून १३८ व्या स्थानी सेरीन आहे की ग्लायसीन, याला त्यात विशेष महत्त्व आहे (२०१२). तिसरे रूप निष्क्रिय आहे : साखर जोडलीच जात नाही, ॲसिटिल गटही येत नाहीत. एसजी-५ हे जनुकस्थान याच्या कितीतरी आधी काम करते. ते निकामी झाल्यास सोयासॅपोजेनॉल ‘अ’ (‘अ’ गटाचा साखररहित गाभा) तयारच होत नाही व कच्चा माल डीडीएमपीकडे वळतो.

अधिक कडू कोण, यावर एकमत नाही. चव-चाचण्यांत डीडीएमपी सॅपोनिनेही कडवट ठरली आहेत. तरीही ॲसिटिलयुक्त ‘अ’ गटाकडे बोट दाखवणारे मत अधिक ग्राह्य वाटते. पैदाशीचा भरही त्यावरच राहिला. जपानमधील ‘किनुसायाका’ या वाणात ॲसिटिलयुक्त ‘अ’ सॅपोनिने नाहीत व लिपॉक्सिजनेज (कच्चट वासाला कारण ठरणारी एंझाइमे) ही नाहीत. डीडीएमपी सॅपोनिनांच्या ऑक्सिडीकरणरोधी गुणांचे प्रयोगशाळेतील पुरावे आहेत, म्हणून सरसकट सगळी सॅपोनिने काढून टाकणे पैदासकारांना पटत नाही.

सोयाबीनची लागवड चीनमध्ये, बहुधा ६,००० ते ९,००० वर्षांपूर्वी सुरू झाली असावी. केंद्र एक की अनेक, हे वादग्रस्त आहे. भिजवणे, शिजवणे व आंबवणे या प्रक्रियांनी चव सुधारत असल्याने कडवट बियांविरुद्ध निवड झालीच नसावी, असा तर्क करता येतो.

कच्चट वास लिपॉक्सिजनेज एंझाइमांमुळे तयार होणाऱ्या हेक्झॅनलसारख्या संयुगांचा. अशी एंझाइमे तीन आहेत; त्यांपैकी दोघांची एलएक्स-१ व एलएक्स-२ ही जनुके १३ व्या गुणसूत्रावर एकमेकांना अगदी लागून असल्याने दोन्ही अभाव एका वाणात आणणे अवघड होते. जपानमध्ये गॅमा किरणांच्या वापराने तिन्ही लिपॉक्सिजनेज नसलेला वंश मिळाला (१९९१).

आयसोफ्लॅव्होनांचे प्रमाण अनेक जनुकांवर अवलंबून असते आणि दाणे भरताना तापमान वाढल्यास घटते. भारतात इंदूरच्या भारतीय सोयाबीन संशोधन संस्थेने कुनिट्झ ट्रिप्सिन अवरोधकाचा (प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणाऱ्या घटकाचा) अभाव असलेला एनआरसी १२७ आणि त्यासोबत लिपॉक्सिजनेज-२ चाही अभाव असलेला एनआरसी १४२ हे वाण विकसित केले.