चहाघरातली पाळत

१९२०च्या किंवा १९४०च्या न्यूयॉर्कमध्ये घडणाऱ्या रहस्यकादंबरीत खासगी गुप्तहेर बाई असते आणि तिचं प्रेमही बायकांवर असतं, तेव्हा मला आधी ईव्ह अ‍ॅडम्स आठवते. पोलंडमधल्या म्लावा गावची ही ज्यू मुलगी १९१२ साली अमेरिकेत आली. पुढे ग्रीनिच व्हिलेजमध्ये, मॅकडूगल स्ट्रीटवर तिने चहाघर काढलं. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांना तिथे निवांत बसता येई. त्यांच्याविषयी तिने एक पुस्तकही लिहिलं होतं. १९२५ साली त्याच्या फक्त १५० प्रती छापल्या, त्याही खासगी वाचनासाठी.

जून १९२६मध्ये साध्या वेशातली एक पोलीस बाई, मार्गारेट लेनर्ड, तिथे आली. तिने ईव्हशी ओळख वाढवली, पुस्तक मिळवलं, मग अटक झाली. अश्लीलता आणि गैरवर्तन या आरोपांखाली ईव्ह तुरुंगात गेली आणि १९२७च्या अखेरीस तिला देशाबाहेर काढलं. डिसेंबर १९४३मध्ये फ्रान्समधून नाझींनी तिला आउश्वित्झला पाठवलं. ती परतली नाही.

या प्रकरणातली गुप्तहेर बाईच होती, पण ती पोलिसांकडून आलेली. बायकांना या पेशाचं दार त्याआधी सत्तर वर्षं उघडलं होतं. १८५६ साली केट वॉर्न शिकागोत पिंकर्टनच्या खासगी गुप्तहेर कचेरीत गेली, तेव्हा ती कारकुनीचं काम मागायला आली असेल असं मालकाला वाटलं. पुरुषांना जिथे शिरकाव नाही तिथे बाई सहज पोचते, असं तिने त्याला पटवलं. पुढे लिंकन यांना बाल्टिमोरमधून सुखरूप वॉशिंग्टनला नेतानाही ती सोबत होती. नेमकं हेच कसब सत्तर वर्षांनी ईव्हच्या चहाघरात तिच्याविरुद्ध वापरलं गेलं.

या कादंबऱ्यांतली नायिका पोलिसांत नसून खासगी गुप्तहेर असते, तेही मला अगदी पटतं. दारूबंदी उठल्यावर १९३४ साली न्यूयॉर्क राज्याने मद्यपरवान्यांसाठी वेगळं खातं नेमलं. समलिंगी गिऱ्हाइकं जमली की बार ‘बेशिस्त’ ठरे आणि परवाना जाई. कुणी ब्लॅकमेल केलं तर तक्रार कुणाकडे नेणार? पोलिसांकडे जाणं म्हणजे स्वतःचंच नाव त्यांच्या हाती देणं.

पुस्तकांवरही पाळत होतीच. १९५२ साली मारिजेन मीकरने टोपणनावाने लिहिलेली, दोन मुलींच्या प्रेमाची कादंबरी तुफान खपली. पण शेवट सुखाचा नको, नाहीतर टपालखातं प्रती अडवेल, असं संपादकाने तिला आधीच बजावलं होतं. म्हणून दोघींपैकी एकीला वेड लागतं.

शोधकथांच्या मालिकेत हे चालत नाही. नायिकेला पुढच्या पुस्तकात शाबूत हजर व्हावंच लागतं. १९८४ साली लेखिका कॅथरिन फॉरेस्टने लॉस एंजेलिसच्या पोलीसदलात केट डेलाफील्ड ही समलिंगी डिटेक्टिव्ह उभी केली. ती पुस्तकामागून पुस्तकात परत येत राहिली.